मागून धरलेला खांदा

१

खांद्याच्या फोटोत हात दिसणं ही काही दचकण्यासारखी गोष्ट नव्हे. तरी ती दचकली, आणि दचकल्याचा तिला नेहमीसारखा रागच आला.

विभागात तिचं नावच मुळी ‘दचकी’ पडलं होतं. दार आपटलं की दचकली, स्टूल सरकलं की दचकली. नवी असताना प्रिंटरने अचानक कागद बाहेर फेकला, तर हिच्या हातातला चहा थेट मॅडमच्या मांडीवर. तेव्हापासून डॉक्टर म्हणून कोणी हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, की कोण आलं बाई डॉक्टर!

रिपोर्ट लिहायच्या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथे मुद्दाम अंधार राखलेला असे, कारण हाडं अंधारात नीट दिसतात. बोळाच्या पलीकडे एक्स-रेची खोली. तिथे काढलेले फोटो हिच्या स्क्रीनवर यायचे, ही वाचायची, लिहायची आणि मॅडम सही करायच्या. आत्ताचा फोटो चाळिशीतल्या एका बाईचा होता. उजवा खांदा. कारणाच्या जागी लिहिलेलं: बाथरूममध्ये पडली. दंडाच्या हाडाचा गोळा बशीवरून घसरलेल्या कपासारखा खोबणीतून खाली आला होता. खांदा निखळलाय हे शेंबडं पोरही सांगेल.

पण इथे एक नियम शिकवतात. एक दुखापत सापडली की डोळा सुस्तावतो, पोट भरलेल्या मांजरासारखा. म्हणून सापडल्यावरच कोपरे बघायचे. तिने कोपरे बघितले. वरच्या कोपऱ्यात, कॉलरबोनवर, चार बोटांची हाडं आडवी आली होती.

आता, लहान मुलं हलतात, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, अशा वेळी नातेवाईक शिशाचा एप्रन घालून त्यांना धरतात. त्यांची बोटं फोटोत येतात. ती इतकी येतात की फोटो पाठवण्याआधी कडा कापून टाकायची पद्धतच होती. आज कापायची राहिली असेल, बस.

तिने फोन उचलला. पलीकडे फोटोकाका होते, टेक्निशियन. प्रत्येक पेशंटला ‘चला, छान फोटो काढू’ म्हणायचे म्हणून फोटोकाका.

“काका, आत्ताच्या खांद्याला कोणी धरलं होतं का?”

“कोणी कशाला धरेल? स्वतःच्या पायावर उभी होती बाई. का, हलला का फोटो?”

“हात आलाय एक.”

“तिचाच असेल की.”

“तिचा नाहीये. मागून आलाय.”

“डॉक्टर, तिच्या मागे प्लेट आहे. प्लेटच्या मागे भिंत आहे. भिंतीच्या मागे कॅन्टीन आहे. तुम्ही जेवलात का?”

तिने फोन ठेवला. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. खांद्याचा फोटो काढताना माणूस प्लेटला पाठ टेकून उभा राहतो, किरण समोरून येतात. प्लेटच्या जवळ असेल ते रेखीव उमटतं, लांब असेल ते फुगतं, धूसर होतं. हे पहिल्याच महिन्यात घोकलेलं. या हाताच्या बोटांची टोकं किंचित धूसर होती. तळव्याची हाडं मात्र कोरून काढल्यासारखी रेखीव.

म्हणजे तळवा प्लेटला लागून होता. बाईची पाठ आणि प्लेट यांच्यामध्ये, जिथे पोस्टकार्डही सरकत नाही तिथे.

२

“आधीच्या फोटोची सावली राहते कधीकधी प्लेटवर,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी एखाद्या हाताचा फोटो काढला असेल. मशीनवाल्याला कळवायला सांग. आणि खुर्चीत नीट टेकून बस गं, तुझ्याकडे बघून मलाच धडधडायला लागतं.”

बरोबर. असं होतं. तिने स्वतःच्या अकलेला चार शिव्या घातल्या आणि बोळात येऊन आईला फोन लावला, कारण खरं तर सकाळपासून तिचं निम्मं लक्ष तिकडेच होतं. धाकटी बहीण आठवडाभर फोन उचलत नव्हती.

“अगं, संसार आहे तिचा,” आई म्हणाली. “तुझ्यासारखी सडीफटिंग आहे का ती? हात कामात असतात.”

“आठवडाभर?”

“माझ्याशी बोलते रोज. तुझ्याशी नाही बोलत, कारण तू बोललीस की भांडण लावतेस.”

“मी भांडण लावते? मागच्या महिन्यात बॅग घेऊन आली होती ती. दंडावर काळं-निळं होतं. तू दुपारभर तिला घेऊन बसलीस आणि संध्याकाळी रिक्षात बसवून परत पाठवलंस.”

“समजावलं मी तिला. आईने समजवायचं नाही तर कोणी? भांड्याला भांडं लागतंच.”

“आई, भांडं नाहीये ती.”

“हे बघ, मोठी असून तुझं अजून कुठे जमत नाही, आणि तू शहाणपण शिकवतेस. ठेव आता.”

आई फोन ठेवते म्हणायची आणि खरोखर ठेवायची. ही तिथेच उभी राहिली, कान तापलेला. राग यायचा तेव्हा तिचे डोळे भरायचे आणि लोकांना वाटायचं, घाबरली बिचारी. त्याचा आणखी राग यायचा. धाकटीला एकदा नुसतं विचारायचं होतं, येतेस का माझ्याकडे? खोली लहान आहे, पण आहे. एवढं एक वाक्य. त्यासाठी तिने फोन तरी उचलायला हवा होता.

३

मशीनवाला येऊन गेला, प्लेट तपासली, चोख आहे म्हणाला. त्यानंतर जो पहिला खांदा आला त्यात तो हात होता.

तोच. हे तिला त्याच्या करंगळीवरून कळलं. करंगळीच्या मुळाशी, तळव्यातलं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं, मागच्या फोटोतल्यासारखंच. ज्याने आयुष्यात कशावर तरी जोरात मूठ मारलीय त्याच्या हाताची ही खूण. कुठलाही डॉक्टर ती झोपेत ओळखेल. मागच्या फोटोत बोटं नुसती टेकली होती. या फोटोत ती रुतली होती.

या वेळी पेशंट विशीतली मुलगी. कारण: जिन्यावरून पडली. दंडाचं हाड पिळवटून मोडलेलं.

मन म्हणालं, बसून राहा, तुझं काम नाही. ती उठली. बोळातल्या बाकावर ती मुलगी गळ्यात झोळी बांधून बसली होती. शेजारी नवरा, मांडीवर फाईल.

“एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला कोणी धरलं होतं का?”

मुलीने वर बघितलं. ओठ हलले, आणि अगदी सहज, रस्ता विचारावा तसं ती म्हणाली, “कधी?”

“आत. फोटो काढताना.”

“आत कोणी नव्हतं,” नवरा म्हणाला. “मी इथे बाहेर होतो. काय झालं, परत काढायचाय का?”

तिने त्याच्या हाताकडे बघितलं. फाईलवर ठेवलेला, साधा हात. नखं कापलेली. गाठी चारी सारख्या, करंगळीची कुठेही खचलेली नाही. फोटोतला हात हा नव्हता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, कारण एक हात एका माणसाचा असता तर त्या माणसाकडे बोट तरी दाखवता आलं असतं.

“बघत काय राहिलात?” नवरा म्हणाला.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि परत येईपर्यंत स्वतःवर दात-ओठ खात राहिली. काही नाही काय, काही नाही!

ती वळली तेव्हाही मुलगी तिच्याकडेच बघत होती. ती ‘कधी’ असं का म्हणाली, हे आपण विचारलंच नाही, असं हिला खोलीत आल्यावर वाटलं.

४

फोटोकाका जेवायला गेले होते तेव्हा ती एक्स-रेच्या खोलीत गेली. प्लेट भिंतीला बोल्टने जखडलेली, मागे बोटही जाईना. खोलीत औषधाचा आणि पुसलेल्या फरशीचा वास. वर पंख्याची घरघर, भिंतीपलीकडे कॅन्टीनमधली भांडी. सगळं जिथल्या तिथे.

तिने प्लेटला पाठ लावली. पेशंट कसे उभे राहतात तशी, हनुवटी वर, हात खाली.

प्लेट गार असते. प्रत्येक पेशंट पाठ टेकली की ‘आई गं, केवढं गार’ म्हणतो. फोटोकाकांचा त्यावर एक ठरलेला विनोद होता. तिच्या पाठीला प्लेट गारच लागली. फक्त उजव्या खांद्यामागे तळहाताएवढी जागा कोमट होती. कोणीतरी बसून उठलेल्या खुर्चीसारखी.

“भो!” दारातून फोटोकाका म्हणाले.

ती किंचाळली. काका इतके हसले की त्यांना दाराला धरावं लागलं, आणि मग तिचं तोंड बघून गप्प झाले.

“बरं, चुकलं. एवढं काय रडायचं?”

“मी रडत नाहीये. मला राग आलाय. काका, तुम्ही कडा का कापता?”

“का म्हणजे? मॅडम सांगतात. स्वच्छ दिसतो फोटो.”

“कापलेल्या कडांत काय असतं, बघता का कधी?”

“डॉक्टर,” काका टेबलावरच्या कपड्याची घडी करत म्हणाले, “मी इतकी वर्षं फोटो काढतो. कापायचं ते बघायचं नाही. बघितलं तर कापवत नाही.”

मग तिने एक गोष्ट केली, जी तिच्या मते साधी होती. त्या मुलीच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ लिहिली: खांद्यावर मागून धरलेल्या हाताची हाडं दिसतात, हा हात पेशंटचा नाही.

मॅडमनी ती ओळ वाचली आणि खोडली.

“पण आहे तो, मॅडम!”

“आपण हाडं वाचतो गं. घरं नाही.”

“मी हाडंच लिहिलीयत.”

“मग काय होतं, ऐकायचंय?” मॅडमनी चष्मा काढला. त्या दमलेल्या दिसत होत्या, वाईट नाही. “विचारपूस होते. बाई म्हणते, छे, मीच पडले. आणि पुढच्या वेळी ती इथे येतच नाही. हात तसाच जोडायला जाते कुठल्या तरी मालिशवाल्याकडे. ते बरं? कडेला असतं ते कडेलाच राहू दे.”

“म्हणजे कोणी काहीच बोलायचं नाही?”

“खांदा बसवायचा. तो तरी बसतो.”

ती संतापाने धुमसत जागेवर येऊन बसली. मॅडमच्या म्हणण्यात दम होता, हे सगळ्यात जास्त झोंबलं. आणि बसल्यावर लक्षात आलं: ओळ खोडताना मॅडमनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं. कुठला हात, हेही विचारलं नव्हतं.

५

दुपार उतरली तेव्हा बाहेरचे फोटो आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा दवाखाना होता. त्यांच्याकडे फोटो काढायचं मशीन होतं, वाचायला डॉक्टर नव्हता. ते फोटो इथे पाठवत. बाहेरच्या फोटोंवर नाव नसे. नुसता क्रमांक, वय, बाई की पुरुष. पंचविशीतली बाई. उजवा खांदा. पडली.

“पडली,” ती मोठ्याने म्हणाली. “सगळ्या पडतात. या शहरात जमीनच तिरकी आहे जशी काही.”

फोटो वरकरणी बिनदोष होता. घाईतल्या डॉक्टरने ‘ठीक आहे’ लिहून घरी पाठवलं असतं. पण दंडाच्या हाडाचा गोळा फारच गोल दिसत होता, दिव्याच्या बल्बसारखा. अशा वेळी खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि समोरून काढलेल्या फोटोत तो हमखास चकवा देतो. करंट बसला, फीट आली किंवा समोरून कोणी जोरात ढकललं तर असं होतं. खात्री करायला बाजूने फोटो लागतो.

आपल्याला हे दिसलं याचा तिला आनंद झाला. तिने दवाखान्याला फोन लावला.

“बाजूने एक काढा. आत्ताच्या खांद्याचा.”

“अहो डॉक्टर, पेशंट शर्ट घालून निघालीये,” तिकडचा टेक्निशियन कुरकुरला. “सोबतच्या बाई म्हणतायत, काही झालेलं नाही, घरी नेते.”

“झालंय. थांबवा तिला. परत उभी करा.”

“हात वर घेताना ओरडते हो. उभी राहत नाही, बसूच बघते.”

“मग धरा कोणीतरी.”

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. “त्या बाई म्हणतायत, मी धरते.”

“धरू देत. एप्रन घाला त्यांना. पण तो फोटो मला हवाय,” ती म्हणाली आणि फोन आपटला. छान वाटलं आपटून.

मग तिला कळलं की तिने कोपरे बघितलेच नाहीत. एक सापडलं आणि डोळा सुस्तावला.

तिने बघितले. हात तिथे होता. वाकडी करंगळी, रेखीव तळवा, आणि अंगठा आता मानेच्या मुळाशी पोचलेला. दुसरा दवाखाना. दुसरं मशीन, दुसरी प्लेट. शहराचं दुसरं टोक. आधीच्या फोटोची सावली इतका लांबचा प्रवास करत नाही.

तिला ओरडावंसं वाटलं. भीतीने नव्हे, नुसत्या भीतीने नव्हे. किती ठिकाणी आहेस रे तू? किती कडांमध्ये?

आणि त्या बोटांच्या फटीतून तिला कॉलरबोन दिसली.

६

कॉलरबोनच्या मधोमध एक पायरी होती. हाड लहानपणी मोडून, थोडं वर-खाली जुळून, वर बोरीच्या काट्याएवढं टोक राहिलेलं. धाकटी सहा वर्षांची असताना कपाटावर चढून पडली होती. खरोखरची पडली होती, हिच्या डोळ्यांदेखत. पुढे कितीतरी वर्षं दोघी एका अंथरुणात झोपायच्या आणि धाकटी म्हणायची, “ताई, माझा काटा बघ,” आणि हिचं बोट धरून त्या टोकावर ठेवायची. ते हाड ती अंधारात वाचायला शिकली होती, डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी.

हजारो लोकांची कॉलरबोन मोडते, असं तिने स्वतःला सांगितलं. वय जुळतं म्हणून काय झालं? तिने धाकटीला फोन लावला. वाजत राहिला.

दवाखान्याला लावला. व्यस्त.

नको, थांबवा, परत नका उभं करू तिला प्लेटला. एवढंच सांगायचं होतं. व्यस्त. पुन्हा व्यस्त. खोलीत एसीची घरघर आणि कॉम्प्युटरचा बारीक पंखा. मॅडमच्या खुर्चीवर शाल पडलेली. स्क्रीनच्या कोपऱ्यात नवा फोटो येत असल्याची खूण लुकलुकली.

बाहेरचे फोटो सावकाश यायचे, वरून खाली, पडदा सोडल्यासारखे. आधी मानेचा मणका आला. मग ती पायरी, तो काटा. मग गोळा, खोबणीच्या मागे अडकलेला. तिचं निदान अगदी बरोबर होतं. तिला ते बरोबर असल्याची किळस आली.

मग हात आला. बाजूने. बाजूने बघितलं म्हणजे मागे काय आहे ते दिसणारच होतं. मनगट दिसलं. मनगटामागे कोपरापर्यंतची दोन हाडं, सरळ मागे गेलेली, फोटोच्या काठापर्यंत, तरी न संपलेली.

आणि त्या मनगटाखाली दुसरा एक हात होता.

सोबतच्या बाई, ती मनाशी म्हणाली. त्यांनी धरलंय ना पेशंटला, मीच धरायला सांगितलं, मग त्यांचा हात येणारच. बारीक हाडांचा, बाईचा हात. बोटांच्या पेरांवर वयाच्या गाठी. सगळं जुळतं.

फक्त त्या हाताने पेशंटला धरलं नव्हतं. त्याने ते मनगट खालून धरलं होतं. ओझं घेऊन कोणी दमत असेल तर आपण खालून हात लावतो, तसं. आधार दिल्यासारखं.

तिने स्क्रीन बंद केली. बंद केल्यावरही थोडा वेळ ते दिसत राहिलं. मग ती उठली, पर्स घेतली आणि बोळातून चालत, मग पळत सुटली. फोटोकाका काहीतरी म्हणाले. स्ट्रेचर आडवं आलं, दार धाडकन आपटलं, कोणाच्या तरी हातून स्टीलचं भांडं पडलं. ती एकदाही दचकली नाही. तिच्या अंगात दचकायला जागाच उरली नव्हती, इतका राग भरला होता. त्या हातावर, कापलेल्या कडांवर, शाल पांघरून दमणाऱ्या मॅडमवर, आणि ‘परत उभी करा’ म्हणणाऱ्या स्वतःच्या आवाजावर.

कानाशी धाकटीचा फोन वाजत होता. वाजून बंद झाला. जिन्यावर तिने पुन्हा लावला. उचल. उचल गं. मी काही विचारणार नाही, भांडणार नाही. माझ्याकडे खोली आहे, एवढंच सांगते. चप्पलसुद्धा घालू नकोस, निघ. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. तिने आत बसून त्या दवाखान्याचा पत्ता सांगितला आणि रिक्षावाल्याला दोनदा ओरडून सांगितला. फोन वाजतच होता.

मग वाजायचा थांबला. पलीकडे पंख्याचा आवाज आला. कोणाचा तरी श्वास, तोंड दाबल्यासारखा, जवळच.

“हॅलो! मी बोलतेय! ऐकू येतंय का तुला?”

“हळू बोल गं,” आई म्हणाली.

आवाज शांत होता, मायेचा, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना असायचा तसा.

“तू उगाच धावत येऊ नकोस. मघापासून उठू बघतेय ती, कुठे जायचंय कोण जाणे. पण तू नको काळजी करू. मी धरून ठेवलंय तिला.”